आंबोलीत दोन रात्री राहून "काहीच दिसलं नाही": पावसाच्या जंगलात बघायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: "मागच्या जुलैत आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आई असे चौघं आंबोलीजवळच्या एका निसर्ग-निवासात दोन रात्री राहिलो. धुकं, धबधबे, जेवण, सगळं छान. पण जंगली प्राणी म्हणून काहीच दिसलं नाही. ताडोबात तिसऱ्या फेरीला वाघ दिसला होता. यंदा पुन्हा जावं का? कधी जावं, राहायची जागा काय बघून निवडावी, आणि जळवा-सापांचं काय करावं?"

पुन्हा जरूर जा. जागा बरोबर होती, महिनाही बरोबर होता. आंबोलीत मी बरीच वर्षं पाहुण्यांना रात्रीच्या फेरीला नेतो, आणि पहिल्या संध्याकाळी बहुतेक घरांतून हेच ऐकू येतं. मंडळी ताडोबाची नजर घेऊन येतात. लांब बघतात, झाडांच्या पलीकडे बघतात, काही हलतंय का ते शोधतात.

ताडोबा हे साग-बांबूचं पानझडी रान. उन्हाळ्यात पानं गळतात, शंभर पावलांवरचं स्वच्छ दिसतं, पाणवठे मोजके उरतात आणि जनावर पाण्यावर येतंच. गवत आहे म्हणून चितळ-सांबरांचे कळप आहेत, आणि कळप आहेत म्हणून वाघ आहे. आंबोलीत अंजनी, जांभूळ, पिसा अशी बारमाही हिरवी झाडं एकमेकांत गुंतलेली असतात. पानं-फळं सगळी वर, खाली अंधार, चरायला गवत फारसं नाही. पावसाळ्यात पाणी तर पावलोपावली. मग जनावर कुठे येऊन थांबणार? गवा आहे, भेकर आहे, पिसोरी (मूषकहरीण) आहे, बिबट्या, अस्वल, साळिंदर आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात वाघाचाही वावर आहे. पहाटे सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, कडेला गवे दिसतातही. पण त्यांच्या भरवशावर सुट्टी काढू नका.

इथलं खरं धन बोटभर ते वीतभर आकाराचं आहे, आणि ते तुमच्या खोलीपासून पन्नास पावलांत आहे. बेडूक, पाली, साप, कोळी, खेकडे, पतंग, बुरशी. त्यातलं बरंचसं सह्याद्रीबाहेर जगात कुठेही नाही, आणि काही तर या एवढ्याशा परिसराबाहेर क्वचितच सापडतं. ते बघायला नजर हातभर अंतरावर आणावी लागते आणि चाल गोगलगायीची करावी लागते.

विषुववृत्तावरच्या वर्षावनात वर्षभर थोडाथोडा पाऊस पडत असतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जवळपास कोरडे. आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे पुण्याच्या जवळपास दहापट. त्यामुळे बेडकांचं लग्न, अंडी, पिल्लं, किड्यांची वाढ, त्यांना खाणाऱ्या सापांची चंगळ, सगळं या चार महिन्यांत दाटीवाटीने उरकतं. म्हणून कोणत्या पंधरवड्यात गेलात यावर काय दिसेल ते ठरतं.

मे संपता संपता वळवाच्या सरी पडल्या की आंबोली टोड नावाचा बेडूक बाहेर येतो. शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन २००९ मध्ये केलं आणि नावात 'टायगेरिना' घातलं, कारण अंगावर वाघासारखे पिवळे-तपकिरी पट्टे. आकार मात्र अंगठ्याएवढा. अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत तो आहे. सड्यावरच्या जांभ्या दगडाच्या खळग्यांत दोन बोटं पाणी साचलं की नर गोळा होतात, माद्या येतात, अंडी घातली जातात आणि थोड्याच दिवसांत हा सगळा मेळा विरून जातो. पाऊस लांबला तर खळगे सुकतात आणि अंडी तिथेच वाळून जातात. तो सोहळा बघायचा असेल तर तारीख ठरवून येता येत नाही; स्थानिक माणसाच्या फोनची वाट बघत पिशवी भरून ठेवावी लागते. आणि एक कळकळीची विनंती: त्या दिवसांत रात्री आंबोलीच्या रस्त्यांवर गाडी काढू नका. हे बेडूक रस्ता ओलांडतात आणि चाकाखाली जातात. सकाळी डांबरावर ते चिकटलेले बघायला मिळतात, तेव्हा पोटात कालवतं.

जून-जुलै हा मलबारी उडत्या बेडकाचा काळ. तुम्ही नेमके तेव्हाच होतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. हिरवागार, तळहातावर मावेल एवढा, पायांच्या बोटांमध्ये लालभडक पडदे. झाडावरून उडी घेतली की ते पडदे ताणून तो दहा-बारा मीटर तरंगत जातो. जोडी जमली की ती पाण्यावर झुकलेल्या फांदीवर येते. मादी मोठी, नर तिच्या पाठीवर. मादी एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळू लागते. ताक घुसळताना रवी फिरते तसे पाय आत-बाहेर, आत-बाहेर. बघता बघता पांढरा फेस फुगतो, त्यात अंडी, आणि पानं त्या फेसाला चिकटत जातात. मध्येच ती थांबते, दम घेते, पुन्हा सुरू करते. फेसाचा बाहेरचा थर हळूहळू सुकून कवचासारखा होतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी फेस खालून विरघळतो आणि पिल्लं टपाटप पाण्यात पडतात.

हे सगळं मी सर्वांत जास्त वेळा कुठे बघितलं असेल? मुक्कामाच्या जागेच्या मागे असलेल्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर. बेडकाला खाली साचलेलं पाणी आणि वर झुकलेली फांदी एवढंच हवं असतं. तुमच्या निवासालाही अशी टाकी किंवा लहान तळं असेलच. जुलैच्या रात्री आठ वाजता तिथे विजेरी घेऊन उभं राहायला कुणी सांगितलं नाही, एवढंच झालं.

ऑगस्ट-सप्टेंबरला माझा सर्वांत जास्त कौल. पावसाचा जोर उतरतो, दोन सरींमध्ये तासभर फिरता येतं, चापडे (फांदीवर बसणारे विषारी साप) दिसतात, मोठे पतंग दिसतात, आणि कुजक्या लाकडावरची चमकणारी बुरशी बघायला मिळण्याची शक्यता चांगली असते. ऑक्टोबर फुलपाखरांचा. डिसेंबर ते फेब्रुवारी पक्षीवाल्यांचा: ककणेर, म्हणजे धनेश, आणि कर्णा, म्हणजे मलबारी ट्रोगॉन. उन्हाळ्यात मात्र एक गोष्ट गंभीरपणे घ्या. दोडामार्ग आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमार्फत पसरतो आणि कोरड्या महिन्यांत, साधारण जानेवारी ते मे, धोका जास्त. त्या दिवसांत पाचोळ्यात बसू नका, मेलेल्या माकडाच्या आसपासही फिरकू नका, आणि परतल्यावर ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता बघायचं कसं ते. रात्री साडेसात ते साडेनऊ ही वेळ. चौघांचा गट उत्तम, आठच्या वर नको. विजेरी हातात कमरेपाशी धरू नका. कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा. असं केलं की समोरच्या डोळ्यांवर पडलेला प्रकाश सरळ तुमच्याच डोळ्यांत परत येतो. गवतात हिरवट-निळे ठिपके चमकले तर ते कोळी. दवाचा थेंब वाटतो, पण डोकं हलवलं तरी त्याच ताकदीने लुकलुकत राहतो. जरा मोठे आणि पिवळसर चमकले तर बेडूक. हे एकदा जमलं की मुलं मोठ्यांच्या पुढे असतात, कारण त्यांची उंचीच झुडपांच्या पातळीवर असते. माझ्या फेऱ्यांत सर्वांत जास्त शोध सात ते दहा वर्षांच्या मुलांनी लावले आहेत.

तासाभरात शंभर पावलं चाललात तरी खूप झालं. एका झुडपापाशी थांबा. पानाची वरची बाजू, मग खालची, मग देठ, मग फांदी, मग खोडाची साल. काडीकिडा काडीसारखाच असतो, तो पाय हलवतो तेव्हाच कळतो. आवाजाच्या मागे लागलात तर थोडा संयम ठेवा: अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक झुडपातून टक-टक-टक करतो, तुम्ही पाऊल टाकलंत की गप्प होतो. विजेरी विझवा, दोन मिनिटं उभे राहा, तो पुन्हा सुरू होईल. मग दोघांनी दोन बाजूंनी कान लावून बोट दाखवायचं. दोन्ही बोटं जिथे मिळतात तिथे तो बसलेला असतो.

जाड मातीच्या कडेला, दगडाखाली देवगांडूळ (बिनपायाचा, बेडकाचा नातलग) किंवा खापरखवल्या (मातीत राहणारा बिनविषारी साप) असतात, पण दगड उलटून बघायचा हट्ट धरू नका. दगडाखालची ओल एकदा उघडी पडली की तिथलं सगळं बिऱ्हाड मोडतं. जोराच्या पावसात ते कधीकधी आपणहून पायवाटेवर येतात, तेव्हा बघावं.

चमकणाऱ्या बुरशीसाठी तर वेगळीच तयारी लागते. सगळ्या विजेऱ्या आणि मोबाइल बंद. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, मुलं कंटाळतात, कुणीतरी "चला आता" म्हणतं. डोळे अंधाराला बऱ्यापैकी सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग पायाशी पडलेल्या ओंडक्याची कड फिकट हिरवी दिसू लागते. आधी वाटतं भास आहे. मग हात मध्ये धरला की बोटांची काळी सावली त्या उजेडावर दिसते आणि खात्री पटते. फोटोत दिसते तेवढी ती प्रखर नसते, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्या अंधारात आठ वर्षांचं मूल ज्या आवाजात "आई, हे जळतंय" म्हणतं, तो आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकायला तयार आहे.

सापांबद्दल. आंबोलीत रात्री जास्तकरून दिसतो तो चापडा. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी, कोणत्याही रंगात असतो. दबा धरून बसणं हेच त्याचं काम, त्यामुळे आज ज्या फांदीवर दिसला तिथेच चार दिवसांनीही सापडू शकतो. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्याने तो भक्ष्याची ऊब ओळखतो. चावला तर जीव जाण्याचे प्रसंग दुर्मीळ, पण सूज आणि वेदना भयंकर असतात. आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषापासून बनवलेली असते. चापड्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून तीन नियम: विजेरीचा उजेड पडल्याशिवाय पाय टाकायचा नाही, चढताना फांदीचा आधार घ्यायचा नाही, आणि बघायचं ते दोन मीटरवरून. हे पाळलं तर मुलीला खुशाल न्या. तरीही चावलाच तर चिरू नका, आवळून बांधू नका, चोखू नका; हात-पाय स्थिर ठेवून सरळ रुग्णालय गाठा.

जळवांनी जीवाला धोका नाही. जळू चावताना रक्त गोठू न देणारा द्रव सोडते, त्यामुळे ती निघाल्यावरही रक्त बराच वेळ झिरपत राहतं आणि बघणारा घाबरतो. मीठ किंवा तंबाखू टाकून तडफडवू नका, तिने पोटातलं जखमेत ओकलं तर जखम चिघळते. नख सपाट ठेवून आधी बारीक टोकाकडचं तोंड सरकवा, मग मागचं टोक. जागा धुऊन कापसाचा बोळा दाबून धरा. गुडघ्यापर्यंत येणारे जाड कापडी जळूमोजे घ्या. पँट मोज्यात खोवायची, उलट नाही. आईंना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांना पाचोळ्याच्या वाटेवर नेऊ नका.

राहायची जागा निवडताना मी खोल्यांचे फोटो बघत नाही. फोन करून चार-पाच गोष्टी विचारतो. रात्री अंगणात दिवे कोणते आणि किती वाजता बंद करता? पांढऱ्या हॅलोजनने आवार उजळलं असेल तर किडे दिव्यावर मरतात आणि अंधारात वावरणारं सगळं लांब जातं. डासांसाठी धूर फवारता का? फवारत असतील तर ती जागा सोडा, कारण बेडूक कातडीनेच पाणी आणि बरीचशी हवा घेतो. पहिला बळी त्याचा जातो. फेरीला कोण नेतं? गावातलाच कुणी असेल तर उत्तम. त्याला कोणत्या आंब्याच्या ढोलीत काय आहे ते माहीत असतं, आणि त्याच्या घरात पैसा गेला की ते झाड उभं राहतं. फेरी कुठे नेता? राखीव वनात रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही; स्वतःच्या आवारात किंवा मालकीच्या जमिनीत नेतो असं सरळ सांगणारा माणूस विश्वासाचा.

आणि शेवटचं: प्राणी पकडून दाखवता का? काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी पाहुणा म्हणून उतरलो होतो. जेवणानंतर यजमानांनी प्लास्टिकच्या बरणीतून एक चापडा आणला, काठीने उचलून कुंडीतल्या झाडावर ठेवला आणि सगळ्यांना फोटो काढायला बोलावलं. साप सतत खाली सरकत होता, ते त्याला पुन्हा वर ठेवत होते. लोक खूश होते. मी त्यांना बाजूला घेऊन बोललो, तर म्हणाले, "पाहुण्यांना काहीतरी दाखवावं लागतं." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि असं पकडणं हा गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षाही हे लागलं की तो साप ज्या फांदीवरून उचलला, तिथे पाहुण्यांना नेऊन दहा मिनिटं उभं करणं जमण्यासारखं होतं. "काहीच दिसलं नाही" ही तक्रार आपण मोठ्याने करतो, तिचा दाब असा कुठल्यातरी बरणीत जाऊन बसतो. म्हणून तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

बेडूकही हातात घेऊ नका, मुलीने कितीही हट्ट केला तरी. डासांचं मलम लावलेला हात त्याच्या कातडीला भाजल्यासारखा लागतो. फेसाच्या घरट्यावर फ्लॅश नको. दुर्मीळ कोळी किंवा पाल दिसली तर फोटो टाका, पण नेमकी जागा टाकू नका. त्यांना विकणारे लोक असतात.

आईंसाठी दिवसाचं सांगतो, कारण रात्रीच्या निसरड्या वाटेवर त्यांना नेण्याचा आग्रह मी करणार नाही. पहाटे साडेपाचला व्हरांड्यात खुर्ची टाका. उजाडायच्या आधी शीळकरी कस्तुर गाऊ लागतो. कुणी मुलगा वाटेने चालताना मनाशी शीळ घालतोय असंच वाटतं. नंतर शेकरू फांद्यांवर येतं. दहानंतर हिरण्यकेशीला जा. नदीचा उगम, शंकराचं मंदिर, आणि तिथल्या कुंडात बोटभर लांबीचा सोनेरी मासा. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे त्याचं नाव २०२० मध्ये ठेवलं गेलं आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कुंडात पाय घालू नका, चुरमुरे-बिस्किटं टाकू नका. काठावर शांत बसलात तर तळाच्या दगडांवरून ते सरकताना दिसतात.

रात्री मात्र आईंना पतंगांच्या पडद्यापाशी बसवा. निवासवाल्यांना आधीच सांगून ठेवा: भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर एक दिवा, दोन तास, मग दिवा बंद. तळहाताहून मोठा ॲटलास पतंग आला तर तो चादरीवर अंग पसरून बसतो. पंखांच्या टोकांवर सापाच्या डोक्यासारखी नक्षी. पतंग झाल्यावर तो काही खातच नाही, अळी असताना साठवलेल्या चरबीवर थोडे दिवस जगतो. आईंना हे सांगा, त्या चादरीसमोरून उठणार नाहीत.

सामानात रेनकोटऐवजी छत्री घ्या. रेनकोट सळसळतो, आत घाम येतो, चष्मा धुरकटतो आणि टोपीने कान झाकले जातात. इथे अर्धं काम कानांचं. माणशी एक विजेरी आणि जास्तीचे सेल. कपडे वाळत नाहीत, म्हणून सुती कमी आणि पटकन वाळणारे जास्त. कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढू नका. रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरलात तर पुढे रस्त्याने आंबोली. घाटात दरड पडते, म्हणून निघण्याआधी फोन करा. शनिवार-रविवार टाळाच, धबधब्याच्या गर्दीत घाटातच दिवस जातो.

मला विचाराल तर यंदा ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध, मंगळवार ते शुक्रवार, तीन रात्री. कालनिर्णयात अमावास्या बघा आणि तिच्या आसपासचेच दिवस घ्या. चांदणं नसलं की पतंग चादरीवर जास्त येतात आणि बुरशीचा उजेड डोळ्यांना लवकर सापडतो. पोहोचलात त्याच संध्याकाळी दूरच्या पॉइंटवर जाऊ नका. जेवण लवकर उरका आणि साडेसातला पाण्याच्या टाकीपाशी जा.